एप्रिलात आई-बाबा परत येतात तेव्हा

“आम्ही दोघं म्हातारपणी स्वार्थी झालोय का, एवढंच सांगा.” काकूंचं फोनवरचं पहिलं वाक्य हे. नाव-गाव नंतर.

हा प्रश्न मला नवा नाही. मी कॅनडात, टोरांटोच्या शेजारी मिसिसागात समुपदेशन करते आणि माझ्याकडे मराठी घरं बरीच येतात. साठी उलटलेली माणसं हाच प्रश्न वेगवेगळ्या वेषात घेऊन येतात. कोणी कोकणात घर बांधून वर्षाचे आठ महिने तिकडेच असतं, कोणी नातवंडं सांभाळायला नकार दिलेला असतो. टोचणी एकच: मुलांना गरज असताना आपण आपल्या मनासारखं जगतोय, हे बरोबर आहे का? या काकूंच्या बाबतीत वेष मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, होता. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला तिघांचीही परवानगी आहे.)

काका निवृत्त झाल्यावर त्यांनी राहतं घर विकलं. मुलीच्या घराचं तळघर उन्हाळ्यापुरतं आपलं केलं आणि एक जुनी, २७ फुटी मोटरहोम घेतली. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग असतो, त्या जातीची. नोव्हेंबर लागला की दक्षिणेला जायचं, एप्रिलात परत. कॅनडात अशा लोकांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात, आणि ते हजारोंनी आहेत. त्यात आपली मंडळी तशी कमीच. हिवाळ्यात आपल्याला पुणं-मुंबई खुणावते, वाळवंट नाही.

यांना मात्र वाळवंटच आवडलं. अॅरिझोनात क्वार्ट्झसाइट नावाचं छोटं गाव आहे. गावाबाहेर सरकारी मोकळी जमीन आहे. १८० डॉलर भरले की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल तिथं गाडी लावून राहता येतं. वीज नाही, नळ नाही. छतावर सोलरची पाटी, पाणी टाकीत भरून आणायचं, सांडपाणी नेऊन ओतायचं. “चाळीत राहिल्यासारखं आहे,” काकू म्हणाल्या, “फक्त शेजारी दोनशे फुटांवर.”

पहिल्या भेटीला काका एक वही घेऊन आले होते. त्यात दिवसांचा हिशोब. कुठल्याही १२ महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त प्रांताबाहेर राहिलं तर ओहिप, म्हणजे ओंटारिओचा सरकारी आरोग्य विमा, हातचा जाऊ शकतो. अमेरिकेतल्या मुक्कामाला काकांनी स्वतःपुरती १८२ दिवसांची लक्ष्मणरेषा आखलेली. सीमा ओलांडली तो अर्धा दिवससुद्धा लाल शाईने पूर्ण मोजलेला. असा माणूस बेफिकीर नसतो, हे मला वही बघूनच कळलं.

“मग त्रास नेमका कधी होतो?” मी विचारलं.

“जाताना नाही,” काकू म्हणाल्या. “आल्यावर. पहिले आठ दिवस गोडीगुलाबी. मग लेक गप्प. जावई कामाच्या नावाखाली वरच्या खोलीत. आणि नात, पाच वर्षांची, आमच्याकडे पाहुण्यांसारखी बघते. यंदा तर मांडीवर यायला तिला दहा दिवस लागले.”

इथे माझी एक चूक सांगायला हवी. मी मनात निदान करून मोकळी झाले होते: मुलीला पाळणाघराची सोय हवी आहे आणि आई-बाबा वाळवंटात शेकोटी पेटवून बसलेत. आपल्याकडे हे इतक्या वेळा पाहिलंय की दुसरं काही सुचलंच नाही. त्यात माझी आई सांगलीत एकटी असते. तिनं सहा महिने इथे येऊन राहावं म्हणून मी दर वर्षी तिच्याशी भांडते, आणि ती येत नाही. म्हणजे लेकीची बाजू घ्यायला मी आधीच तयार बसले होते. दोन भेटी मी त्याच दिशेनं प्रश्न विचारत राहिले आणि दोन्ही वाया गेल्या.

त्यातही एक गोष्ट हाती लागली, ती न विचारता. गाडी इतकी का प्रिय, असं काही मी बोलले असेन. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हे कारखान्यात रात्रपाळीला, मी दुकानात दिवसाची. चौतीस वर्षं एका घरात राहिलो हो, पण एका वेळेला नाही.” काका खिडकीबाहेर बघत होते. स्वार्थ हा शब्द त्यानंतर माझ्या टिपणवहीत पुन्हा आला नाही.

तिसऱ्या भेटीला मुलगी आली, एकटी. तिला वेगळं भेटायचं होतं. आल्या आल्या म्हणाली, “त्यांनी फिरू नये असं माझं म्हणणंच नाही. उलट लोकांना मी कौतुकानं सांगते. मला खुपतं ते वेगळंच. ते येतात ती तारीख ते मला विचारत नाहीत, कळवतात. आणि ते आले की मी आनंदात असायलाच हवं.”

मग तिनं मिसळणाच्या डब्याचं सांगितलं. आई आली त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरली आणि डब्यातल्या वाट्यांची जागा बदलली. मोहरी मधे, हळद कडेला, जशी तिच्या स्वतःच्या डब्यात असायची तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत पोह्यांच्या फोडणीत मोहरीऐवजी हळद पडली आणि करपली. “एवढ्याशा गोष्टीवरून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. वेडेपणा ना?”

वेडेपणा नव्हता. जानेवारीत तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. आई-बाबांना तिनं सांगितलंच नव्हतं. व्हिडिओवर मागे लाल सूर्यास्त, दोघं खुर्च्या टाकून चहा पितायत, आणि आपण म्हणायचं की घरी पगार नाही? तीन महिने तिनं एकटीनं घर रेटलं आणि एक घडी बसवली. कोण मुलीला शाळेत सोडणार, भाजी किती आणायची, कुठल्या विषयावर नवऱ्याशी बोलायचं नाही. त्या घडीत एप्रिलच्या एका दुपारी दोन माणसं किल्लीनं दार उघडून आत आली, हातात ॲरिझोनाच्या खजुराची खोकी घेऊन.

परदेशातल्या घरांत मी हे फार बघते. निघण्याची तयारी महिनोन्‌महिने चालते: विमा, टायर, औषधं, टपाल कोण उचलणार. परत येण्याची तयारी कोणी करत नाही. घर आपलंच, त्यात तयारी कसली? पण पाच महिन्यांत माणूस गेल्याची पोकळी तशीच राहत नाही, रोजचं जगणं ती भरून काढतं. लहान मुलाच्या बाबतीत तर फारच लवकर. आलेल्याला वाटतं आपली जागा दुसऱ्या कोणीतरी घेतली, आणि घरातल्याला वाटतं आपली जागा हा काढून घेतोय.

चौथ्या भेटीला तिघं एकत्र बसली. मी फक्त एकच विचारलं: “या हिवाळ्यात एकमेकांना न सांगितलेली एक गोष्ट सांगाल?”

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मुलगी वडिलांना म्हणाली, “फेब्रुवारीत दोन आठवडे तुम्ही फोनवर टोपी घालून बसायचात. तुम्ही आयुष्यात कधी टोपी घातली नाहीत.”

सांडपाण्याची टाकी रिकामी करताना काकांना चक्कर आली होती. पाइपाच्या कठड्यावर आपटून कपाळाला तीन टाके पडले होते. टाके स्वतःच्या खिशातून घातले, पण चक्कर का आली याची तपासणी त्यांनी टाळली. परदेशातल्या बाह्यरुग्ण तपासणीला ओहिप दिवसाला फार तर ५० डॉलर देतं, तिथल्या बिलांपुढे ते चिल्लरच. प्रवासी विम्याची अट वेगळी: जुनं दुखणं ठरलेल्या मुदतीत स्थिर असावं लागतं, मधे नुसती गोळी बदलली तरी दावा अडकू शकतो. काकांना भीती की रक्तदाबाची गोळी बदलली तर पुढच्या वर्षीचा विमा अवघड होईल. म्हणून टोपी. (हे वाचणाऱ्या स्नोबर्ड मंडळींनी पॉलिसीतलं ते पान एकदा नीट वाचावं. विम्यासाठी चक्कर लपवणारे काका एकटे नाहीत.)

“तुला कळलं होतं तर विचारलं का नाहीस?” काकूंचा आवाज चढला.

“विचारलं असतं तर तुम्हीही मला विचारलं असतंत, घरी काय चाललंय म्हणून.”

आणि मग नोकरीचं निघालं. काका एकदम उभे राहिले, पुन्हा बसले. “आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो असतो गं.” “म्हणूनच नाही सांगितलं, बाबा.”

त्या तासाभरात मी फारसं काही केलं नाही. कागदी रुमालांचा डबा सरकवला, इतकंच.

नातीचं कोडं मात्र पुढच्या भेटीत सुटलं, आणि तेही घड्याळात. क्वार्ट्झसाइटच्या दफनभूमीत हाय जॉली नावाच्या माणसाचं पिरॅमिडसारखं थडगं आहे, टोकावर धातूचा उंट. मूळ नाव हाजी अली. मुंबईकराला ऐकून गंमत वाटेल, पण त्या दर्ग्याशी याचा संबंध नाही. १८५६ साली अमेरिकी सैन्यानं वाळवंटात ओझी वाहायला उंट आणवले, त्यांच्याबरोबर हा उंटवाला आला. नातीला रोज संध्याकाळी फोनवर त्या उंटाची गोष्ट हवी असायची. काका एक-एक भाग रचून सांगायचे, सूर्य मावळताना, साडेपाचला. तेव्हा टोरांटोत साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी टोरांटोची घड्याळं एक तास पुढे गेली. अॅरिझोनात घड्याळ बदलत नाहीत. काकांचे साडेपाच आता इथले साडेआठ झाले, आणि पोरगी आठलाच झोपते. काकांना हे कळत नव्हतं असं नाही. पण तिकडचा दिवसही मोठा होत चाललेला, सवयीनं फोन अजूनच उशिरा व्हायला लागला. चार-पाच वेळा ‘झोपली’ ऐकल्यावर त्यांना वाटलं, पोरीला आता गोष्टीचा कंटाळा आला असेल. त्यांनी फोन कमी केला. तिकडे पोरगी आईला विचारायची, उंट मेला का?

उंट विहिरीपाशी पोचला होता आणि पाच आठवडे तिथेच उभा होता.

पुढच्या वर्षासाठी आम्ही जे ठरवलं ते फार थोडं. फोनची वेळ नातीच्या घड्याळाने. आठवड्यातून एक फोन फक्त मोठ्यांचा, आणि त्यात ‘सगळं छान’ म्हणायला बंदी. परतीची तारीख विचारून ठरवायची. आणि परत आल्यावर थेट घरी यायचं नाही. याला काकूंनी खूप विरोध केला. साधारण चार हजार किलोमीटर गाडी हाकत आल्यावर लेकीच्या दाराशी यायचं नाही? त्यांना तो अपमान वाटला. मी समजावत बसले नाही. काकाच म्हणाले, “अगं, थंडीत नळ गोठू नयेत म्हणून घातलेलं ते गुलाबी औषध आपण काढतो तेव्हा एका दिवसात पाणी पितो का? दोन-तीनदा धुतो, गळतंय का बघतो.” काकू म्हणाल्या, “मी काय टाकी आहे?” पण कबूल झाल्या. (ही उपमा मला आधीच सुचली होती. मी बोलले असते तर प्रवचन झालं असतं.)

नोव्हेंबरात दोघं निघाली. त्याआधी काकांनी चक्करेची तपासणी करून घेतली, गोळी बदलली, मुदत भरेपर्यंत तीन आठवडे निघणं पुढे ढकललं. वहीत त्या तीन आठवड्यांना शाई निळी.

पाडव्याला मुलीनं मला एक फोटो पाठवला. मोटरहोमच्या मागच्या शिडीला छत्रीचा दांडा बांधलेला, त्यावर खण आणि उपडा स्टीलचा तांब्या. कडुनिंब मिळेना म्हणून पालो व्हर्डे झाडाची खाली पडलेली पिवळ्या फुलांची डहाळी. साखरेच्या गाठी कुठल्या? दोऱ्यात ओवलेले मार्शमेलो. खाली मुलीनं लिहिलं होतं: ‘आजी म्हणते उन्हात वितळताहेत.’

एप्रिलात दोघं घरापासून तासाभरावरच्या मोटरहोमच्या तळावर थांबली. पहिल्या दिवशी लेक, जावई, नात दोन तास भेटून गेली. दुसऱ्या दिवशी नातीनं तिथेच राहायचा हट्ट धरला आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर आजोबांचा उंट ऐकत झोपली. चौथ्या दिवशी सगळी घरी. दोन आठवड्यांनी पहिलं भांडण झालंच, धुण्याच्या मशीनवरून. मुलगी म्हणते, ते त्याच दिवशी मिटलं.

मिसळणाचा डबा मात्र काकूंनी स्वतःचा वेगळा घेतलाय, तो गाडीतच असतो. मेमध्ये दोघं पुन्हा माझ्याकडे येणार आहेत. या वेळी प्रश्न काकांचा आहे. गाडी विकायची कधी, हे काकूंशी कसं बोलायचं, असं त्यांनी विचारलंय. काकूंना अजून सांगितलेलं नाही.