एम.एस्सी., नर्स प्रॅक्टिशनर की नॉरसेट? आधी वर्ष भरू दे

बी.एस्सी. नर्सिंग होऊन आठ महिने झालेत, सोलापुरातच खासगी आयसीयूत ड्युटी आहे. घरचे म्हणतात एम.एस्सी. कर, मैत्रीण म्हणते नर्स प्रॅक्टिशनर हो, मॅडम सीएचओचं (उपकेंद्रातल्या कम्युनिटी हेल्थ ऑफिसरचं) सुचवतात. काय करू, असं विचारलंयस. मी याच गावात १९ वर्षं आयसीयूत आहे, आता इन्चार्ज आहे. मला वाटतं ते सांगते.

एम.एस्सी. असो की क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स, बी.एस्सी.नंतर वर्षभराचा अनुभव दोन्हीकडे लागतो. म्हणजे अजून चार महिने कुणी कितीही घाई केली तरी तुला जाता येणार नाही. थांबत नाही ती नॉरसेट. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या या परीक्षेला बी.एस्सी.वाल्यांना अनुभव लागत नाही, मूळ पगार ४४,९०० आहे, पण वयाची अट ३० ची (राखीव प्रवर्गांना सवलत आहे). एम.एस्सी. पस्तिशीतही होते. त्यामुळे घर सोडायची तयारी असेल तर अभ्यास आजच सुरू कर.

नर्स प्रॅक्टिशनरबद्दल जरा सविस्तर, कारण गैरसमज इथेच जास्त. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ती स्वतंत्रपणे तपासते, औषध लिहून देते. आपल्याकडे तसं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हा दोन वर्षांचा निवासी कोर्स आहे, शिकणं बहुतेक पेशंटच्या उशाशीच, आणि काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या प्रोटोकॉलने. शिक्षण फार चांगलं आहे. पण आपल्या भागात त्यासाठी वेगळं पद क्वचितच असतं. दोन वर्षं घालवून पुन्हा स्टाफ नर्सच्याच पगारावर यायची वेळ येऊ शकते. प्रवेशाआधी तिथून पास झालेल्या दोघींना तरी गाठ आणि आता पद काय, पगार काय, ते विचार.

एम.एस्सी. शिकवायचं असेल तरच कर. माझ्या आयसीयूत एक नर्स मुलगी होती. पहाटे तीनला एक विडी कामगार मावशी तेलुगूत काहीतरी पुटपुटत होत्या. मॉनिटरवर ऑक्सिजन सॅच्युरेशन ९६, सगळं ठीक दिसत होतं. हिला वॉर्डात राहून ‘नोप्पी’ म्हणजे दुखतंय एवढं कळायचं. तिने पोटावर हात ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ३२ भरले, म्हणजे फारच जास्त. लगेच डॉक्टरांना उठवलं. हे बऱ्याच जणी करतील. पण सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर देऊन, पेशंट सोपवून झाल्यावर ती घरी गेली नाही. विद्यार्थिनीचा हात धरून त्याच पोटावर ठेवला आणि तिच्याकडून श्वास मोजून घेतले, दोनदा. रात्रभर उभी राहिलेली मुलगी! तिला मीच एम.एस्सी. कर म्हटलं. आज ती कॉलेजात शिकवते आणि तिच्या विद्यार्थिनी श्वास अंदाजे लिहीत नाहीत.

तू नाइट संपल्यावर कशासाठी थांबतेस, ते या चार महिन्यांत बघ. व्हेंटिलेटरपाशी रेंगाळत असशील तर क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे, मी तोच केला. ऑन्कोलॉजीचाही होतो, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, एकदा जाऊन ये. सीएचओचं काम मोलाचं, उपकेंद्रात बीपी-शुगर, कॅन्सरची तपासणी, सगळं तुझ्यावर. पण नोकरी कंत्राटी. अक्कलकोटकडे मिळालं तर कानडी लागेल.

एक मात्र ऐक. माझी मूळ सर्टिफिकेटं एका ठिकाणी बॉण्डपोटी ठेवून घेतली होती. सरकारी जागेचा इंटरव्ह्यू आला तेव्हा ती परत मिळाली नाहीत, संधी गेली. अजून वाईट वाटतं. मूळ कागद कुणालाही देऊ नकोस, झेरॉक्सवर सही करून दे. आणि वर्ष भरलं की अनुभवाचा दाखला लेटरहेडवर घे. त्यात रुजू झाल्याची तारीख, विभाग आणि हॉस्पिटलच्या बेडची संख्या लिहिलेली हवी.