ढिंगरीची भाजी आणि न्यूमोनियाचं औषध

प्रश्न : काका, मी खंडेराव मार्केटातून ढिंगरी मशरूम आणते, घरात सगळ्यांना आवडते. परवा भाचा आला होता, फार्मसीला आहे, तो म्हणाला मशरूमपासून न्यूमोनियाचं अँटिबायोटिक निघालंय आणि आता लोक ते लॅबमध्ये पण बनवायला लागलेत. मग ढिंगरी खाल्ली की थोडाफार फायदा होतो का? आणि बुरशी आपणहून बनवतेय तर लॅबमध्ये एवढा खटाटोप कशाला?
– एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, भाचा खरं बोलतोय, पण भाजीचा आणि औषधाचा संबंध जोडू नका. घोटाळा नावाचा आहे. १९५१ साली अमेरिकेत दोन अळंब्यांमधून प्लुरोम्युटिलिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं, तेव्हा त्या अळंब्या प्लुरोटस म्हणजे आपल्या ढिंगरीच्याच गोतातल्या समजल्या जायच्या. नंतर कळलं की यांचं कूळच वेगळं, आता त्यांना क्लिटोपिलस म्हणतात. ढिंगरी पोटभर खा, पण ताप आला की डॉक्टरकडेच जा.

हे द्रव्य करतं काय, तर बॅक्टेरियाच्या पेशीत प्रोटीन बनवायचा जो कारखाना असतो, रायबोसोम, त्याच्या ऐन जोडणीच्या जागी जाऊन बसतं. प्रोटीन बनणं थांबलं की बॅक्टेरिया वाढणार कसा? पण मूळ रूपात माणसाला द्यायचं तर आपलं लिव्हर ते लगेच मोडून टाकतं, म्हणून बरीच वर्षं या द्रव्याची भावंडं डुकरं-कोंबड्यांच्या औषधातच अडकून होती. माणसासाठी २००७ मध्ये रेटापाम्युलिनचं मलम आलं, ते पण कातडीवर लावायला, आणि पोटातून किंवा सलाईनमधून द्यायचं लेफाम्युलिन अमेरिकेत मंजूर झालं ते थेट ऑगस्ट २०१९ मध्ये, न्यूमोनियासाठी. म्हणजे शोधापासून ६८ वर्षं!

आता खटाटोपाचं. मी अख्खी नोकरी बडोद्यात बुरशी वाढवण्यात घालवली. फ्लास्क शेकरवर रात्रंदिवस गरगर फिरत असतो आणि आत बुरशीच्या गोळ्या भिजलेल्या साबुदाण्यासारख्या तरंगतात, छत्री-बित्री काही उगवत नाही. तर प्लुरोम्युटिलिनचा सांगाडा अजूनही असा बुरशीकडूनच बनवून घेतात आणि मग केमिस्ट लोक त्याची एक बाजूची शेपटी तोडून दुसरी लावतात. वर सांगितलेली औषधं अशीच झालीत. हे कसं, तर शिवून तयार ब्लाउज आणला आणि फक्त बाह्या बदलल्या. पण खांदाच बसत नसेल तर? तेव्हा पुन्हा कापडापासूनच बेतावं लागतं की नाही?

लॅबमधला खटाटोप तो हाच. सांगाड्यात तीन कडी एकमेकांत गुंतलेली, पाच, सहा आणि आठ कार्बनची, आणि ते आठचं कडं केमिस्टला फार रडवतं. १९८२ मध्ये पहिल्यांदा हे सगळं शून्यापासून जुळवलं, २०१७ मध्ये येल विद्यापीठातल्या हर्झन यांच्या गटाने तुकडे बनवून जोडायची पद्धत काढली, तुकडा बदलला की सांगाडाच बदलतो, आणि पुढच्या वर्षी कॅलटेक या अमेरिकेतल्या संस्थेत सारा राइसमन यांच्या गटाने १८ पायऱ्यांत काम आणलं. १८ ऐकून कमी वाटतील, पण कच्चा हिशोब करा, प्रत्येक पायरीला शंभरातले ८० हाती लागले तरी अठराव्या पायरीला शंभरातले दोनसुद्धा उरत नाहीत. म्हणून पोत्याने माल काढायचा तर बुरशीच परवडते, माझं पक्कं मत आहे, आणि ते मी बुरशीवाला म्हणून नाही सांगत (थोडंसं म्हणून सांगतोही).

मग लॅबचा उपयोग कुठे? तर ई-कोलायसारखे ग्रॅम-निगेटिव्ह बॅक्टेरिया, लघवीच्या इन्फेक्शनमध्ये भेटतात ते, त्यांना बाहेरून एक जास्तीचा पडदा असतो आणि आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप असतात. त्यांच्यापुढे या घराण्याची औषधं फारशी चालत नाहीत. त्यांच्यावर चालेल असा सांगाडा हवा असेल तर बुरशी काही आपल्या फर्माइशीप्रमाणे शिवून देणार नाही, तो बेत टेबलावरच करावा लागतो. अजून दुकानात मिळणारं औषध त्यातून निघालेलं नाही, हेही भाच्याला सांगा.

प्रश्न : मग मागच्या अंगणात पावसाने उगवलेल्या कुत्र्याच्या छत्र्या शिजवून बघू का?
– त्याच भगिनी

उत्तर : अजिबात नको! काही जातींचं विष उकळून जात नाही आणि लिव्हर निकामी करतं. हौसच असेल तर मार्केटातली ढिंगरी रात्रभर काळ्या कागदावर पालथी घालून वाटीने झाकून ठेवा, सकाळी पांढरट बीजाणूंचा ठसा दिसेल. क्लिटोपिलसचा गुलाबी उमटतो.