रुग्णासमोर मास्क लावताना

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. टीबी वॉर्डात रुजू होऊन तुला जेमतेम तीन आठवडे झाले आहेत. एन-९५ लावून ओपीडीत बसल्यावर वरिष्ठ निवासी डॉक्टर ‘कोविड संपला की गं’ म्हणून हसतात आणि राउंडच्या वेळी तोच मास्क पाहून रुग्ण तोंड भिंतीकडे वळवतो, अशा दोन अडचणी तू लिहिल्या आहेस. पहिली किरकोळ आहे, दुसरी खरी आहे. त्यामुळे पहिलीचा निकाल आधी लावते.

‘इतकी वर्षे काही झाले नाही’ ही फुशारकी आपल्या व्यवसायात फार जुनी आहे. १९१० च्या हिवाळ्यात ईशान्य चीनमधल्या मांचुरियात प्लेगची साथ आली, तेव्हा चीन सरकारने तिथल्या हार्बिन शहरात वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरांना पाठवले. जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचे. हा प्लेग श्वासावाटे पसरतो आहे असे निदान करून त्यांनी कापूस आणि गॉझ यांचा मास्क सर्वांना लावायला सांगितला. प्लेग उंदीर आणि पिसवांमुळे पसरतो हा धडा त्याआधी मुंबईच्या साथीने जगाला दिला होता. तो खोटा नव्हता, पण हार्बिनचा प्लेग फुप्फुसाचा होता. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना वयाने लहान असलेल्या चिनी माणसाचे म्हणणे पटले नाही. ते मास्क न लावता रुग्ण तपासायला गेले आणि जानेवारी १९११ मध्ये, काही दिवसांतच, प्लेगने वारले. त्या साथीत सुमारे ६०,००० माणसे गेली.

मीही याला अपवाद नव्हते. एमडी करताना आमच्या विभागात मास्क लावणे भित्रेपणाचे मानले जाई आणि ‘रुग्णाला वाईट वाटते’ हे कारण त्याला नेहमी जोडलेले असे. दुसऱ्या वर्षी टीबीने माझ्याच फुप्फुसाच्या आवरणात पाणी झाले आणि ज्या गोळ्या मी लिहून देत होते त्याच मला कित्येक महिने घ्याव्या लागल्या. तेव्हा हसणाऱ्यांशी वाद घालू नकोस. मास्क लावून शांतपणे पुढचा रुग्ण बोलाव.

आता दुसरी अडचण. मास्क कोणासाठी आहे हे न सांगता तू तो लावलास की रुग्ण त्याचा अर्थ आपल्या मनाने लावतो, आणि तो बहुधा ‘यांना माझी किळस येते’ असाच असतो. हे बदलायचे असेल तर कोणता मास्क कोणाचे रक्षण करतो हे आधी तुझ्या स्वतःच्या मनात स्वच्छ हवे. एन-९५ लावणाऱ्याचे रक्षण करतो. चाचणीत तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, मात्र चेहऱ्याला कडेने घट्ट बसला तरच. साधा सर्जिकल मास्क मुख्यतः समोरच्याचे रक्षण करतो. १८९७ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचे सर्जन मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर गॉझ बांधली तीही रुग्णाच्या जखमेत आपले तुषार पडू नयेत म्हणून. रस्त्यावर चेहऱ्यावरून जाळी घेतलेल्या स्त्रीइतकाच सहज त्यातून श्वास घेता येतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. स्कूटरवर डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्या पुण्याच्या मुलींना हे सांगायला हवे होते! त्या स्कार्फला कोणी आजाराची खूण मानत नाही, आणि पांढरा-निळा मास्क मात्र लगेच मानतात.

टीबीच्या रुग्णाने साधा मास्क लावल्याने किती फरक पडतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगाने दाखवले; तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एमडीआर टीबीच्या, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या, वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या दोन खोल्यांत सोडली होती, आणि रुग्ण एक दिवसाआड सर्जिकल मास्क लावत. तीन महिन्यांनी पाहिले तर मास्क नसलेल्या दिवसांची हवा घेतलेल्या ९० पैकी ६९ प्राण्यांना लागण झाली होती, मास्कच्या दिवसांची हवा घेतलेल्या ९० पैकी ३६ ना. निम्म्याच्या आसपास फरक! पण ते ३६ सुद्धा विसरू नकोस. हे सूक्ष्म कण हवेत तासन्‌तास तरंगतात, म्हणून राउंडला गेल्यावर पहिल्यांदा खिडक्या उघड. हिवाळ्यात रुग्णच थंडीमुळे त्या लावून घेतात आणि डासांचे कारण तर बारा महिने असते.

रुग्णाशी काय बोलायचे? नवीन रुग्णाला पहिल्या दिवशी व्हरांड्यात, मोकळ्या हवेत, थोड्या अंतरावरून चेहरा दाखव, नाव सांग आणि मगच त्याच्यासमोर मास्क लाव. तो लावताना सांग की हा मी प्रत्येक खाटेपाशी लावते, आणि खरोखरच प्रत्येक खाटेपाशी लाव. थुंकीत जंतू सापडलेल्या एकाच माणसापुढे लावलास तर तो त्याच्यावरचा शिक्काच होईल. ओपीडीच्या रांगेत खोकणाऱ्या सगळ्यांना मास्क दे, निदान झालेल्यांनाच नको. आणि मास्क लावून दोन हात लांब उभी राहू नकोस. पाठीवर हात ठेवायला मास्क आड येत नाही.

मास्क लावून घरी गेल्यावर शेजारी नळावर पाणी भरू देत नाहीत, म्हणून माझे एक वृद्ध रुग्ण चाळीच्या दारातच मास्क खिशात घालत. मी त्यांना बरेच दिवस रागावत होते आणि ते चुकीचे होते. मोकळ्या गल्लीत त्यांना मास्कची फारशी गरज नव्हती. गरज होती ती नातवंडे झोपत त्या एका खोलीत, आणि बसमध्ये. तसे समजावून सांगितल्यावर त्यांनी मास्क घरात लावला, गल्लीत नाही, आणि दोघांचेही भागले. योग्य औषधे लागू पडली की संसर्ग पसरण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. त्यामुळे ‘कायमचा’ हा शब्द मास्कच्या बाबतीत कधी उच्चारू नकोस, थोडे दिवस लावायचा आहे असे सांग.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात मला गैर वाटले नाही. दंडाच्या भीतीने हनुवटीवर अडकवलेल्या मास्कने कोणाचे भले झाले असेल असे मला वाटत नाही. खंत एवढीच की सर्दी-खोकला असताना लोकलमध्ये किंवा दवाखान्यात आपणहून मास्क लावण्याची सवय त्या दोन वर्षांत लागू शकली असती, ती दंडाच्या पावत्यांत हरवली.

कमी ऐकू येणारे वृद्ध ओठ पाहून बोलणे समजून घेतात, हेही ध्यानात ठेव. त्यांच्याशी बोलताना आवाज चढवण्याऐवजी सावकाश बोल आणि गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून दे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. स्टोअरमध्ये एन-९५ चा लहान आकार मुद्दाम मागून घे. तुझा चेहरा माझ्यासारखाच लहान आहे आणि मी दोन वर्षे मोठा मास्क वापरला, त्याच्या कडेतून श्वास आत-बाहेर होतो हे चष्म्यावर वाफ धरत असूनही माझ्या लक्षात आले नव्हते. दोन्ही रबर ओढून, नाकावरची पट्टी दाबून जोराने श्वास सोड; गालांना वारा लागला तर तो मास्क परत कर.

तुझी,
मॅडम