“आई, हे बरोबर आहे ना?”

“गणित तिला येतं हो, पण दर ओळीला ‘आई, हे बरोबर आहे ना?’ मी शेजारी नसले की पेन पुढे सरकत नाही. परीक्षेत कसं होणार?” एका आईने विचारलं. ही काळजी अनेक पालक बोलून दाखवतात.

मुलीची वही पाहिली. दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू होती. (२, −३) ही क्रमित जोडी, म्हणजे क्ष = २ आणि य = −३, ही २क्ष − ३य = १२ ची उकल आहे का, म्हणजे या किमती ठेवल्यावर दोन्ही बाजू सारख्या येतात का, असं उदाहरण होतं. तिने किमती नीट ठेवल्या होत्या: २(२) − ३(−३) = ४ + ९. पुढे १३ लिहून खोडलं होतं, वर १२ गिरवलं होतं, आणि शेवटी तेही खोडलं होतं.

“१३ का खोडलंस?”

“उजवीकडे १२ आहे ना. म्हणजे माझंच चुकलं असणार.”

अडलं होतं ते इथे. ‘नाही’ हेसुद्धा पूर्ण, बरोबर उत्तर असतं, हे तिच्या मनाला पटतच नव्हतं. डावी बाजू १३, उजवी १२, म्हणून ही जोडी उकल नाही. उदाहरण संपलं.

मग (३, −२) घेतली. ६ + ६ = १२. तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच न बोलता दोन्ही बाजूंवर बोट ठेवलं. “जुळतंय,” ती म्हणाली. पुढे तिनेच जोडी उलटी करून पाहिली: (−२, ३). −४ − ९ = −१३. “अंक तेच, तरी नाही!” क्षची किंमत आधी, यची नंतर, क्रम बदलला की जोडीच बदलते. (६, ०) आणि (०, −४) मात्र जुळल्या. अशा उकली अनंत असतात, हे ऐकून तिला नवलच वाटलं.

सतत विचारणाऱ्या मुलांना मी मुद्दाम अशी उदाहरणं देते. इथे निकाल समीकरणच देतं, मोठ्यांची गरज लागत नाही.

आईला सांगितलं, “हो-नाही म्हणू नका. ‘दोन्ही बाजू किती आल्या?’ एवढंच विचारा. सुरुवातीला ती चिडेल, चिडू द्या. ऋण संख्या कंसात लिहायची आणि ताळा एकदाच करायचा. तोच ताळा चार-चार वेळा होऊ लागला, तर ती भीतीच समजा.”

झोप उडणं, परीक्षेआधी पोटात दुखणं असं काही असतं तर वेगळं बोलावं लागलं असतं. तसं नव्हतं, म्हणून पुढच्या भेटीची घाई केली नाही.