वाचकांचे प्रश्न : मुलाचं ऑपरेशन आणि फॉर्मवरची आपली सही

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, उजव्या जांघेत हर्निया आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणून सकाळी सातला हॉस्पिटलला गेलो, तो उपाशी, रडून रडून बेजार, आणि तेवढ्यात सिस्टर फॉर्म घेऊन आल्या, सगळा इंग्लिशमधे, म्हणाल्या इथे, इथे आणि इथे सही करा. मिस्टरांनी करून टाकली. मी वाचायला घेतला तर त्यात जिवाला धोका, गरज पडल्यास आणखी कुठलीही प्रोसीजर, असं सगळं लिहिलेलं, माझे हातपायच गळाले. नंतर भूलतज्ज्ञांना त्याच्या छातीत कफ वाटला म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. आता पुन्हा जायचंय. सासूबाई म्हणतात सही म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी असते, आणि भाऊ म्हणतो सही केली की पुढे काही झालं तरी तोंड उघडता येत नाही. कुणाचं खरं? आणि जास्त प्रश्न विचारले तर डॉक्टर चिडणार नाहीत ना?
– एक आई, सिंहगड रोड

उत्तर : दोघांचंही बरोबर नाहीये. आधी भावाचं बघू. तुम्ही सही करता ती ऑपरेशनला परवानगी म्हणून, हलगर्जीपणाला माफी म्हणून नाही. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते असा निकाल दिला, आणि फॉर्मवर सही आहे म्हणून ग्राहक आयोगाकडे जायचा तुमचा हक्क जात नाही. पण हेही तितकंच खरं की ऑपरेशन नीट करूनही कधीकधी त्रास होतो, टाक्यात पू होतो, हर्निया परत येतो, आणि असं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं असेल तर तो प्रत्येक वेळी डॉक्टरांचा दोष नसतो.

आता सासूबाईंचं. ही फॉर्मॅलिटी नाही, अजिबात नाही. २००८ मधे समीरा कोहली यांच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. तिथे मुख्यतः दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईंचं गर्भाशय आणि बीजकोश काढले होते, बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन. कोर्ट म्हणालं एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, जीव वाचवायला लगेच करावं लागलं तरच अपवाद. आणि संमतीच्या आधी काय करणार, कशासाठी, दुसरा काही मार्ग आहे का, मोठे धोके कुठले, आणि नाहीच केलं तर काय होईल, एवढं पेशंटला कळलं पाहिजे. अगदी क्वचित होणारी प्रत्येक गोष्ट सांगायलाच हवी असं मात्र कोर्टाने म्हटलेलं नाही. इथे पेशंट सव्वादोन वर्षांचा आहे, म्हणजे त्याच्या वतीने हे सगळं तुम्हाला दोघांना कळायला हवं.

आणि खरं सांगू का, सकाळी सात वाजता, उपाशी रडणारं पोर कडेवर घेऊन कुठल्याच आईबापाला काही कळत नसतं, मग ते कितीही शिकलेले असूदेत. माझ्या मते हे बोलणं ओपीडीतच व्हायला पाहिजे, ऑपरेशनच्या काही दिवस आधी, आणि फॉर्म घरी न्यायला मिळाला पाहिजे. तुम्हाला आता वेळ मिळालाय तर फोन करून अपॉइंटमेंट घ्या आणि दोघंही जा. मराठी फॉर्म मागा, नसेल तर मराठीत वाचून समजावून सांगा म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

हर्नियापुरतं बोलायचं तर 'थांबलो तर?' ह्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. लहान मुलांचा जांघेतला हर्निया आपोआप बरा होत नाही, आणि आतडं अडकायची भीती असते, वर्षाच्या आतल्या बाळांना तर जास्तच. (हायड्रोसीलचं, म्हणजे अंडकोषाभोवती पाणी साठतं त्याचं, वेगळं असतं, तो बऱ्याचदा दोन वर्षांपर्यंत आपणहून जातो, म्हणून तिथे थांबणं हा खरा पर्याय असतो.) तोपर्यंत फुगवटा कडक किंवा लाल झाला, आत जात नाहीये, मूल सारखं रडतंय, उलट्या होतायत असं दिसलं तर तारखेची वाट बघू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. धोक्यांबद्दल विचाराल तेव्हा अंडकोषाची रक्तवाहिनी आणि वीर्यनलिका यांबद्दल नाव घेऊन विचारा, कारण दोन्ही हर्नियाच्या पिशवीला चिकटून असतात आणि त्यांना इजा होणं क्वचित का होईना शक्य असतं. ते 'आणखी कुठलीही प्रोसीजर' वालं वाक्य तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं. दुर्बिणीतून करणार असतील तर डावी बाजूही आतून दिसते आणि तिथेही छिद्र सापडलं तर काही सर्जन त्याच वेळी ते बंद करतात. तेव्हा आधीच विचारा, डावीकडे सापडलं तर काय करणार, आणि तुमचं जे ठरेल ते फॉर्मवर हाताने लिहून घ्या.

शेवटी डॉक्टरांना सांगा की आम्हाला काय समजलं ते एकदा आमच्या शब्दात सांगतो, चुकलं तर सांगा. दोन मिनिटं लागतात. ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि बोलायला लागलो की कुठे अडतोय ते लगेच दिसतं. मी स्वतः मुलांची सर्जन आहे आणि प्रश्न विचारणारे आईवडील मला मनापासून आवडतात, कारण उपाशी का ठेवायचं हे ज्यांना कळलंय ते मूल रडतंय म्हणून गुपचूप बिस्किट भरवत नाहीत. भुलेत पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर ते जिवावर बेतू शकतं. साधारणपणे दूध किंवा हलकं खाणं सहा तास आधी, आईचं दूध चार तास आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी तुमच्या भूलतज्ज्ञांची वेळ पाळा. रात्रभर पाण्याविना ठेवायची बहुतेक वेळा गरज नसते, तेही विचारून घ्या. आणि एवढ्यावर कुणी चिडलंच तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचा हक्क तुम्हाला आहेच.

प्रश्न : सात महिन्यांच्या मुलीचं छोटं ऑपरेशन आहे. इंटरनेटवर वाचलं की भुलीमुळे मेंदूवर परिणाम होतो. फॉर्ममधे त्याबद्दल काहीच नाही. – बाबा, पिंपळे सौदागर

उत्तर : २०१६ मधे अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) तीन वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा दिला होता, पण तो तीन तासांपेक्षा जास्त चालणाऱ्या किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल. बाळांच्या हर्नियाच्या ऑपरेशनवर एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, त्यात साधारण तासाभराची एक भूल मिळालेली मुलं आणि जागं ठेवून फक्त कमरेखाली बधिर केलेली मुलं यांच्यात पाच वर्षांच्या वयात बुद्धीचा फरक दिसला नाही. भूलतज्ज्ञांना सर्जनइतकाच वेळ मागा आणि किती वेळाची भूल ते विचारा. भुलीची संमती वेगळी असते, ती सर्जनच्या फॉर्ममधे उरकली असं समजू नका.

प्रश्न : मुलगा आणि सून बंगळुरूला, नातू (वय ६) आमच्याकडे सातारा रोडला असतो. त्याच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर मी सही केली तर चालेल का? – आजोबा

उत्तर : काका, भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मधे (जुन्या दंडसंहितेत हे ८९ होतं) १२ वर्षांखालच्या मुलासाठी पालक किंवा ज्यांच्याकडे मूल कायदेशीरपणे सांभाळायला आहे अशा व्यक्तीची संमती धरली जाते. म्हणजे तुमची सही अगदीच निरर्थक नाही. पण ठरवून करायच्या ऑपरेशनला बहुतेक हॉस्पिटलं आई किंवा वडिलांचीच सही मागतात आणि ते योग्यच आहे. मुलाला किंवा सुनेला दोन दिवस यायला सांगा. दोघं एकदम नसले तरी चालतं, आईची एकटीची सहीही पुरते. अगदी इमर्जन्सी असेल आणि कुणाशी संपर्क करायला वेळच नसेल तर कलम ३० प्रमाणे डॉक्टर सहीसाठी न थांबता इलाज करू शकतात.

प्रश्न : मुलगी १० वर्षांची, टॉन्सिल्स काढायचेत. मिस्टर म्हणतात तिला काही सांगू नको, चेकअपला चाललोय म्हण. दिवाळीच्या सुट्टीत करून आठवड्याने कोकणात गावी जायचा विचार आहे. – आई, कोथरूड

उत्तर : तिला सांगा, प्लीज सांगा. कायद्याने १८ पर्यंत सही तुमचीच लागते, पण दहा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांत औषधांच्या रिसर्चमधे मूल घ्यायचं असेल तर सात वर्षांपुढे त्याचा होकारही घेतात, मग तिच्या स्वतःच्या घशाबद्दल तिला का विचारू नये? भूल मिळेल, झोप लागेल, उठल्यावर घसा दुखेल, औषधाने कमी होईल, एवढं खरंखरं सांगा. 'दुखणारच नाही' असं सांगू नका, नंतर ती कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाही. तिचेही प्रश्न असतील, ते तिलाच डॉक्टरांना विचारू द्या. झोप लागेपर्यंत आई जवळ थांबू शकते का हे हॉस्पिटलला विचारून घ्या.

आणि गावाचं मात्र पुढे ढकला. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर रक्तस्राव पहिल्या २४ तासांत होऊ शकतो तसाच तो पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, खपली सुटताना होऊ शकतो, म्हणजे नेमकं तुम्ही घाटात असाल तेव्हा. हे तारीख ठरवतानाच तुम्हाला सांगायला हवं होतं. साधारण दोन आठवडे पुण्यातच रहा, आणि तोंडातून ताजं रक्त दिसलं तर थोडं असलं तरी रात्री-अपरात्री न बघता हॉस्पिटलला न्या.