लेवीयपाशी अडलेले वाचन

“मॅडम, माझ्यात विश्वासच कमी आहे का?” असे विचारत येणाऱ्या अनेकांची खरी खंत रोजचे बायबलवाचन टिकत नाही ही असते. मंडळीत समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मी वारंवार ऐकला आहे. येथे सांगत आहे तो अनुभव एका परिचारिका भगिनीचा असून त्यांची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई चाळिशीतल्या, नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या आणि नोकरीसाठी पुण्यात स्थायिक झालेल्या. लहानपणी दिवेलागणीला वडील मोठ्याने वचन वाचत आणि सारे घर ऐकत बसे, हे त्यांना लख्ख आठवत होते. स्वतः मात्र गेली आठ-नऊ वर्षे त्या दर १ जानेवारीला बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, आरंभ करत आणि महिनाअखेरीस तिसऱ्या पुस्तकापाशी, लेवीयपाशी, थांबत. सुटलेले अध्याय दुसऱ्या दिवशी भरून काढायचे, असा त्यांनी स्वतःला नियम घालून घेतला होता. रात्रपाळीच्या आठवड्यात ही बाकी वीस अध्यायांवर जाई आणि मग पुस्तक उघडण्याचीच धास्ती वाटे. “कपाटावरचे बायबल दिसले तरी मी नजर चुकवते,” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मी आधी झोप, भूक आणि कामातला रस यांविषयी विचारून घेतले, कारण मन खिन्नतेने ग्रासलेले असेल तर वाचनच काय, सगळेच सुटते आणि तेथे उपचार निराळे लागतात. तसे काही आढळले नाही.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. आपल्या बायबलच्या ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षभरात संपवायचे तर रोज तीनहून थोडे अधिक. उत्पत्तीचे ५० आणि त्यानंतरच्या निर्गमाचे ४० अध्याय होईतो जानेवारी सरत येतो, आणि नेमके तेव्हाच, दमलेल्या डोळ्यांपुढे, लेवीयतले अर्पणांचे नियम येतात. दरवर्षी एकाच ठिकाणी अडण्यामागे हे साधे कारण होते. त्याचा त्यांच्या विश्वासाशी संबंध नव्हता. ज्या अध्यायांची त्या बाकी धरत होत्या, ते भागही मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत. आज रूढ असलेली विभागणी १३व्या शतकातील इंग्लंडचे धर्मगुरू स्टीफन लँग्टन यांच्या नावाने ओळखली जाते. स्तोत्र ११७ मध्ये दोनच ओव्या आहेत आणि स्तोत्र ११९ मध्ये १७६. त्यांच्या वहीत मात्र दोन्हींसमोर एकेकच खूण होती. हे पाहून त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

मी त्यांना मागची सगळी बाकी सोडून द्यायला सांगितले. येशूचे चरित्र सांगणारे मार्ककृत शुभवर्तमान घ्यायचे, एका बैठकीत एकच प्रसंग वाचायचा आणि पाळी कोणतीही असो, उठल्यावरचा पहिला चहा झाला की लगेच वाचायचा, असे ठरले. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा चहाला बांधलेली बरी, कारण पाळी बदलली तरी चहा चुकत नाही. शिवाय, वडील वाचत तसे मोठ्याने वाचायचे. या गोष्टीवर माझा विशेष भर असतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, आरंभीच वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटले आहे, आणि स्वतःचा आवाज कानी पडला की भरकटलेले मन परत येते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. वाचून झाल्यावर येशू तेथे कोणाशी कसा वागला, हे एका ओळीत लिहायचे आणि तीच ओळ प्रार्थनेत देवापुढे ठेवायची.

तिसऱ्या आठवड्यात चार दिवस चुकले आणि त्या पुन्हा खाली मान घालून आल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाबद्दल तेव्हा मी त्यांना सांगितले. एखादी कृती अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा अंदाज निघाला, आणि मध्ये एखादी संधी हुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही. ताईंचे चार दिवस चुकले होते हे खरे, पण त्यासाठी पुन्हा पहिल्या पानावर जायचे कारण नव्हते. “खुणेची फीत कुठे आहे?” एवढेच मी विचारले. फीत पहिल्याच अध्यायात, कुष्ठरोग्याच्या प्रसंगापाशी होती.

महिनाभराने त्या आल्या तेव्हा वही सोबत होती. येशूने त्या माणसाला हात लावला, या वाक्यापाशी त्या दोन दिवस थांबल्या होत्या. रोज हातमोजे घालून रुग्णांना स्पर्श करणाऱ्या बाईला ते वाक्य सहजी ओलांडता आले नव्हते. पुढे येशू त्याला याजकाकडे, म्हणजे मंदिरातल्या पुरोहिताकडे, जाऊन स्वतःला दाखवायला सांगतो. याजकाकडे कशाला, हे पाहण्यासाठी त्यांनी तळटीप शोधली आणि त्या थेट लेवीयच्या १३व्या आणि १४व्या अध्यायांत पोचल्या. “मॅडम, याजक आधी कातडीवरचा डाग तपासतो, सात दिवस वेगळे ठेवतो आणि मग पुन्हा तपासतो. आमच्या वॉर्डासारखेच की हे!” त्या म्हणाल्या आणि पुढचा भाग मला मोठ्याने वाचून दाखवू लागल्या.