गिऱ्हाईक म्हणून न आलेल्या माणसाचं दुकान

प्रिय मित्रा,

तुझी तिन्ही ड्रॉइंग्ज नीट पाहिली: बाजारपेठेतलं दुकान, विद्यापीठाच्या आवारातलं आणि हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचं. काम स्वच्छ आहे, लाइटिंगवर मेहनत घेतलेली दिसते. पण तिन्ही दुकानं तू एकाच माणसासाठी काढली आहेस. त्याच्याकडे वेळ आहे, हात मोकळे आहेत, मन थाऱ्यावर आहे. असा माणूस तुझ्या पहिल्या दुकानात येईल. उरलेल्या दोन्हींत क्वचितच.

ही सवय आपल्याला आपल्या धंद्यानंच लावली. १९१६ साली मेम्फिसमध्ये क्लॅरन्स साँडर्सनं पिगली विगली नावाचं किराणा दुकान काढलं. तोवर माल काउंटरपलीकडचा नोकर काढून द्यायचा. साँडर्सनं तो उघड्यावर मांडला आणि आत आलेल्याला सगळ्या रॅकांमधून फिरवूनच गल्ल्यापाशी आणलं. १९५६ मध्ये वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएनचा साउथडेल हा बंदिस्त मॉल मिनेसोटात उभा राहिला. मॉलमध्ये शिरल्यावर भान हरपून माणूस रेंगाळत राहतो, त्या अवस्थेला पुढे ग्रुएनचंच नाव चिकटलं. मॉलचं पुढे जे झालं ते पाहून ग्रुएननं मॉलशी नातं तोडलं, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही.

आता बाजारपेठेतल्या दुकानाचंही रूप पालटलंय. नेहमीचा माल लोक फोनवरून मागवतात. दुकानात येतात ते हात लावून बघायला, घालून बघायला, मागवलेलं न्यायला किंवा परत करायला. परतीचा काउंटर तू कोपऱ्यात कोंबला आहेस. त्याला दर्शनी जागा दे.

बिनगल्ल्याच्या दुकानाची, म्हणजे माल उचलून थेट बाहेर पडायचं आणि पैसे आपोआप कापले जायचे अशा दुकानाची, गोष्ट तर आपल्या कामाची आहे. ॲमेझॉननं २०१८ मध्ये सिॲटलला तसं दुकान सर्वांसाठी उघडलं. २०२४ मध्ये कंपनीनं अमेरिकेतल्या आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ती व्यवस्था काढायला घेतली. पण विद्यापीठं, हॉस्पिटलं, स्टेडियम इथं ती वाढवत नेली. मला यात नवल वाटत नाही. आठवड्याचं सामान भरणाऱ्याला बेरीज डोळ्यासमोर लागते. एक पाण्याची बाटली घेऊन पळणाऱ्याला फक्त बाहेर पडायचं असतं.

आवारातल्या दुकानाबद्दल एवढंच सांगते: दोन लेक्चरांच्या मधल्या दहा मिनिटांत सगळी गर्दी येते, आणि प्रत्येकाच्या पाठीला सॅक असते. तो वळला की मागचा रॅक झाडला जातो. वाटेची रुंदी खांद्यांवरून नको, सॅकवरून मोज. पाठ्यपुस्तकांच्या कमी झालेल्या कपाटांच्या जागी पार्सल लॉकर आणि बसायची जागा दिलीस, ते उत्तम.

हॉस्पिटलच्या दुकानावर मात्र जरा थांबूया. मी पहिल्यांदा असं दुकान केलं तेव्हा दारात लाकडी फ्लोअरिंग आणि लादी यांच्या सांध्यावर ॲल्युमिनियमची पट्टी बसवली होती. जेमतेम चार मिलिमीटर उंच. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ सलाईनचा स्टँड ढकलत टूथब्रश घ्यायला आले. स्टँडचं चिमुकलं चाक पट्टीला अडलं, स्टँड कलला, हातातली सुई ओढली गेली. मागून येणाऱ्या नर्सनं तो धरला म्हणून बरं. ते गृहस्थ मलाच ‘सॉरी’ म्हणाले. ते ‘सॉरी’ मी अजून विसरलेली नाही. पट्टी त्याच संध्याकाळी निघाली.

तुझ्या ड्रॉइंगमध्ये तशीच पट्टी आहे. काउंटर सरसकट ११०० मिलिमीटर उंच आहे. व्हीलचेअरवरून पलीकडचा माणूसच दिसणार नाही. अमेरिकेतल्या नियमांत काउंटरचा निदान एक भाग ९१५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उंचीचा लागतो, तो आकडा धरून चाल. दाराशी बेकरीचा वास दरवळवायची कल्पना सोडून दे. केमोथेरपी चालू असलेल्याला त्या वासानं मळमळू शकतं. रॅकामागचे आरसेही काढ. आठवडाभर वॉर्डात झोपलेल्याला अचानक स्वतःचा चेहरा दाखवू नये. व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, रोजच्या जंतुनाशकानं कडांना फुगतं, तेव्हा कमी सांध्यांचा, पुसता येईल असा पृष्ठभाग घे. घाईत भरती झालेल्यांचं जे घरी राहतं ते, म्हणजे चार्जर, चपला, कंगवा, टूथब्रश, पहिल्याच रॅकवर कमरेच्या उंचीला ठेव.

आणि तो फ्रिज. झाडं दिसणारी एकुलती एक खिडकी तू त्यानं झाकली आहेस. रॉजर उलरिच या संशोधकानं १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या २३ जोड्या ताडून पाहिल्या होत्या. खिडकीतून झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. दुसऱ्यांसमोर विटांची भिंत होती. खिडकीपाशी दोन खुर्च्या टाक. तिथं बसून कुणी काही विकत घेणार नाही, आणि मालक त्या जागेचा हिशोब विचारेल. तेव्हा मला बोलव, मी येते.

नवं ड्रॉइंग काढण्याआधी एकदा रात्री दोन वाजता तिथं जाऊन बस. कोण येतं, हातात काय असतं, कुठं अडखळतं ते लिहून आण. ती वही आधी पाठव, ड्रॉइंग नंतर.

तुझी ताई